अंबाडीच्या वाखाचा कागद: मराठवाड्यात पहिल्यांदाच करून बघणाऱ्यांसाठी

झाडं न तोडता कागद करायचा असं कुणाच्या मनात आलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "हेम्पचं बी कुठं मिळेल?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. ते बी शोधू नका. तुमच्या बांधावर जी अंबाडी उभी आहे, तिच्या सालीच्या धाग्याचा, म्हणजे वाखाचा, कागद करा.

सगळा घोळ नावाचा आहे. इंग्रजांच्या काळात ज्या ज्या झाडापासून दोर वळता येतो, त्या बहुतेक सगळ्यांना 'हेम्प' हे शेपूट लागलं. खरा हेम्प म्हणजे भांगेचं झाड. आपला ताग, ज्याला आपण बोरूही म्हणतो, तो 'सन हेम्प'. केकताड, म्हणजे घायपात, 'सिसल हेम्प'. आणि आपली अंबाडी चक्क 'डेक्कन हेम्प', दख्खनचा हेम्प! म्हणजे जगभर ज्याचा शोध चालू आहे त्याचा सख्खा नाही तरी नावापुरता चुलतभाऊ आपल्याकडे भाकरीसोबत ताटात येतो.

भांगेबद्दल मात्र स्पष्ट बोलतो, कारण यात चूक झाली तर आयुष्याचं नुकसान आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय भांगेच्या झाडाची लागवड हा गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये धाग्यासाठी किंवा बियांसाठी सरकार लागवडीची परवानगी देऊ शकतं अशी तरतूद आहे आणि उत्तराखंडनं २०१८ मध्ये त्याप्रमाणे परवाना दिलाही. पण "मी कागदासाठी लावलंय" एवढं म्हणून कुणाची सुटका होत नाही. हातात लेखी परवाना नसेल तर एक रोपही लावू नका.

इथंच आणखी एक सांगून ठेवतो. अंबाडीचं पान हाताच्या पंजासारखं फाटलेलं असतं आणि लांबून ते भांगेसारखं दिसतं. इतकं, की शास्त्रज्ञांनी तिच्या शास्त्रीय नावातच 'भांगेसारखी' असा शब्द घातला. कुणी शंका घेतली तर पान चावून दाखवा. अंबाडी आंबट लागते, देठावर बारीक काटेरी लव असते आणि फूल भेंडीसारखं पिवळं, आत गडद लाल डोळा असलेलं.

साल का, लाकूड का नाही

कागद म्हणजे झाडातला सेल्युलोजचा धागा पाण्यात सुटा करून पुन्हा सपाट बसवणं. लाकडात या धाग्यांना चिकटवून ठेवणारं लिग्निन साधारण पाव हिस्सा असतं, आणि ते काढायला कारखान्याला भरपूर रसायन, वाफ आणि दाब लागतो. अंबाडी, ताग, भांग यांच्या सालीत लिग्निन त्या मानानं बरंच कमी. शिवाय धागा लांब. निलगिरीचा धागा जेमतेम एक मिलिमीटर. अंबाडीच्या सालीतला त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून घरच्या चुलीवर, साध्या सोड्यात ही साल शिजते. लाकूड शिजणार नाही.

हे काही नवीन नाही. इ.स. १०५ च्या सुमारास चीनमध्ये चाय लुननं कागदाची जी कृती दरबारात मांडली, तिच्यात तुतीची साल, चिंध्या, जुनी मासेमारीची जाळी आणि भांगेचा धागा होता. अमेरिकेच्या शेती खात्यानं १९१६ मध्ये भांगेच्या सणकाडीवर, म्हणजे साल काढल्यावर उरणाऱ्या आतल्या काडीवर, एक पत्रिका काढली. तिच्यातला हिशेब असा की वीस वर्षांत भांगेची एक एकर जमीन लाकडाच्या चार एकरांइतका लगदा देते. पुढे त्याच खात्यानं कागदासाठी सुमारे ५०० वनस्पती तपासल्या आणि त्यातून सर्वांत आशादायक म्हणून निवडली ती अंबाडी. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या एका दैनिकानं अंबाडीच्या कागदावर अंक छापूनही दाखवला.

मग कारखाने अंबाडीवर का चालत नाहीत? कारण अंबाडी वर्षातून एकदाच येते. झाड उभं राहून वाट बघतं, हवं तेव्हा तोडता येतं. अंबाडीचे भारे मात्र दसऱ्याला एकदम येतात, प्रचंड जागा खातात आणि वर्षभर कोरडे ठेवावे लागतात. म्हणून मोठ्या कारखान्याचं स्वप्न आत्ता बाजूला ठेवा. गावात, पाच-सात जणांत, हातकागद होतो आणि चांगला होतो. हा लेख तेवढ्यासाठी आहे.

पेरणी: भाजीची वेगळी, वाखाची वेगळी

पहिल्या वर्षी एक गुंठा पुरे. मृगाचा पाऊस पडून वापसा आला, म्हणजे माती पेरण्याजोगी झाली, की पेरा. गुंठ्याला अंबाडीचं सव्वाशे ते दीडशे ग्रॅम बी लागतं, तागाचं अडीचशे-तीनशे. दोन तासांत, म्हणजे पेरणीच्या ओळींत, फूटभर अंतर, आणि तासात रोपं दाट, चार बोटांवर एक. दाट पेरलेली अंबाडी उजेडासाठी सरळ वर जाते, फांद्या फुटत नाहीत, आणि साल टोकापर्यंत एकसलग निघते.

इथं स्वयंपाकघराशी भांडण होतं. भाजीसाठी शेंडा खुडला की झाडाला फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीपाशी वाखात गाठ येते. म्हणून घरच्यांसाठी कडेला दोन तास वेगळे सोडा आणि वाखाच्या झाडाचा शेंडा कुणाला खुडू देऊ नका. खालची पानं खुशाल काढा.

तागाची एक जास्तीची गोष्ट म्हणजे तो डाळवर्गातला आहे, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देतो. बरेच शेतकरी तो दीड महिन्यात गाडतात. वाखासाठी तो फुलोऱ्याच्या पुढे, शेंगा धरेपर्यंत ठेवावा. तागाचा कागद जास्त चिवट येतो, पण शिकायला अंबाडी बरी, कारण ती लवकर शिजते.

कापणी आणि साल सोलणं

निम्म्या झाडांना फुलं दिसली की कापा. आपल्याकडे पोळा उलटल्यापासून दसऱ्यापर्यंतचे हे दिवस. बोंडं धरून बी पक्व झाल्यावर कापलेली अंबाडी दोराला चालते, पण कागदाला जरड होते. बियांसाठी कडेची आठ-दहा झाडं उभी राहू द्या.

दोर वळणारे लोक पेंढ्या डोहात दगडाखाली आठ ते पंधरा दिवस सडवत ठेवतात आणि मग पाण्यात उभं राहून झोडपून वाख काढतात. ही पद्धत उत्तम आहे, पण तिला पाणी लागतं आणि सडताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मासे मरतात, वास सुटतो. पिण्याच्या पाण्याच्या जवळपासही हे करू नये. मराठवाड्यात ज्या वर्षी ओढा वाहिलाच नाही, त्या वर्षी तर प्रश्नच मिटला.

कागदासाठी सोपी वाट आहे. कापल्या दिवशीच, झाड ओलं असताना, बुडखा दगडावर ठेचा आणि साल पट्ट्यांनी खाली ओढत सोला. हातमोजे घाला, लवेनं हात चुरचुरतात. शेंगदाण्याचं टरफल निघावं तशी ती निघत नाही, पण दहा-बारा झाडांनंतर हाताला वळण पडतं. या पट्ट्या ड्रममध्ये बुडतील एवढ्या पाण्यात पाच-सहा दिवस भिजवा, मग धुऊन, हिरवी साल चोळून काढून सावलीत वाळवा. शंभर किलो ओल्या झाडांतून चार ते सहा किलो कोरडा वाख मिळतो. कोरडवाहू गुंठ्यात आठ-दहा किलो वाख हाती लागला तर पीक चांगलं आलं असं समजा. आतली पांढरी सणकाडी फेकू नका, बंबाला उत्तम.

गावात मातंग समाजातले जुने दोर वळणारे कुणी असतील तर या टप्प्यावर त्यांना बोलवा आणि पूर्ण दिवसाची मजुरी द्या. पोळ्याचे कासरे, दावी, मोरक्या ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वळल्या, त्यांना वाख चिमटीत धरून तो कच्चा आहे की जास्त सडला ते कळतं. नायलॉनची दोरी आली आणि हे ज्ञान विचारणारं कुणी उरलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मला जे येतं त्यातलं निम्मं अशाच एका आजोबांनी ओढ्याकाठी शिकवलेलं आहे.

कापा, भिजवा, शिजवा

माझा पहिला घाणा पूर्ण वाया गेला, कारण मी वाख न कापता, हातभर लांबीचाच शिजवला. कुटताना तो मोगरीला गुंडाळला गेला, पाण्यात सोडला तर केसांचे बुचके तरंगावे तसा तरंगला, आणि साच्यावर कागदाऐवजी जाळं आलं. तेव्हा वाख अडकित्त्यानं किंवा विळीवर बोटाच्या एका पेराहून लहान, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा कापा. कंटाळवाणं काम आहे, पण इथं घाई करू नका.

रात्रभर पाण्यात भिजवा. दुसऱ्या दिवशी शिजवायला स्टीलचं पातेलं घ्या. ॲल्युमिनियमचं अजिबात नको, सोडा ते खातो आणि लगदा काळा पडतो. एक किलो कोरड्या वाखाला बारा ते पंधरा लिटर पाणी आणि दीडशे ते दोनशे ग्रॅम धुण्याचा सोडा, कोरडी पूड. खडे असलेला ओलसर सोडा मिळाला तर अडीचपट घ्यावा लागतो, कारण त्यात वजनानं निम्म्याहून जास्त पाणीच असतं. खाण्याचा सोडा चालत नाही. कॉस्टिक सोड्याला नवख्यांनी हात लावू नये, डोळा जाऊ शकतो.

सोडा आधी थंड पाण्यात विरघळवा, मग वाख टाका आणि मंद उकळीवर तीन तास ठेवा. दर अर्ध्या तासानं काठीनं खालचं वर करा. काम उघड्यावर करा, चष्मा आणि रबरी मोजे घालून, आणि लेकरं लांब ठेवून. पाणी चहासारखं, मग काळपट होत जातं आणि उसाचं पाचट भिजल्यासारखा वास येतो.

शिजलं की नाही हे असं बघा. काठीनं एक तुकडा काढा, थंड पाण्यात बुडवा आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आडवा, म्हणजे धाग्याच्या रुंदीच्या दिशेनं, हलकेच ताणा. कोळ्याच्या जाळ्यासारखा विरळ होत पसरला तर झालं. पट्टी तशीच घट्ट राहिली तर आणखी एक तास. लांबीच्या दिशेनं ओढून बघू नका; धागा तिकडे तुटणार नाहीच आणि तुटायलाही नको, ती ताकद तर आपल्याला कागदात हवी आहे.

मग कापडी झोळीत घालून धुवा, पाणी नितळ येईपर्यंत आणि बोटांचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत.

या काळ्या पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न कृपया टाळू नका. सोड्यात सोडियम असतं आणि आपली काळी चिकण माती सोडियमनं चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक, होते. एकदा चोपण झालेली जमीन सुधारायला वर्षं लागतात. पहिलं काळं पाणी आणि सुरुवातीची दोन धुणी प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात सोडा आणि उन्हात आटू द्या. हात बसल्यावर सोडा सोडून राखेकडे या. पऱ्हाटी किंवा तुराट्यांची चाळलेली राख तळाला भोकं असलेल्या बादलीत भरायची, वरून गरम पाणी ओतायचं आणि खाली ठिबकणारं तपकिरी पाणी धरायचं. त्यात सोडियमऐवजी मुख्यतः पालाश असतं. शिजायला दीडपट-दुप्पट वेळ लागतो, पण कागदाला सोनेरी झाक येते जी मला सोड्यापेक्षा जास्त आवडते.

कुटणं

दगडावर लाकडी मोगरीनं कुटा. मूठभर लगद्याला पंधरा-वीस मिनिटं. मिक्सर चालतो, पण त्याचं पातं धागा चेचत नाही, कापतं; कागद दिसायला गुळगुळीत आणि घडीवर कमजोर होतो. घाईच असेल तर आधी कुटा आणि शेवटी भरपूर पाण्यात मिक्सर दहा सेकंद फिरवा. काचेच्या पेल्यात चिमूटभर लगदा ढवळून उजेडात धरा: गाठी न दिसता ढगासारखा एकसारखा पसरला की थांबा.

भेंडीचा चिकट रस

ही युक्ती गुऱ्हाळवाल्यांना ऐकूनच पटते. काहिलीत उसाचा रस निवळायला भेंडीच्या खोडाचा बुळबुळीत रस टाकतात ना, तोच इथं कामाला येतो, पण उलट कारणासाठी. लांब धागे पाण्यात पटकन तळाशी बसतात आणि एकमेकांत गुंततात. भेंडीच्या रसानं पाणी दाट, संथ होतं. धागे सुटे तरंगत राहतात आणि साच्यातून पाणी सावकाश गळतं, म्हणून हलवायला वेळ मिळतो. जपानी कागदवाले याच कामाला भेंडीच्या जवळच्याच एका झाडाचं मूळ वापरतात. भेंडीची मुळं-खोड ठेचून रात्रभर थंड पाण्यात ठेवा, गाळून घ्या, पन्नास लिटरच्या टबाला तीन-चार लिटर. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी तार सुटत नाही.

साचा आणि पहिला ताव

सागवानी पट्ट्यांच्या दोन सारख्या चौकटी करून घ्या, आतलं माप ए-फोर. एकीला स्टीलची बारीक जाळी ताणून ठोका, दुसरी तशीच रिकामी. ती जाळीवर बसून कडा धरते. टबात पन्नास लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम कोरड्या वजनाचा लगदा.

हातानं टब ढवळा. दोन्ही चौकटी एकावर एक घट्ट धरा, पलीकडची कड खाली करून तिरक्या पाण्यात सरकवा, आत आडव्या करा आणि सरळ वर उचला. पाणी निथळायला लागतं तेवढ्या चार-पाच सेकंदांत एकदा पुढं-मागं, एकदा डावी-उजवीकडे हलका हिसका द्या, सुपात धान्य पाखडताना मनगट हलतं तेवढाच. यानंच धागे आडवे-उभे विणले जातात. वरची चमक गेली की हलवणं बंद. तेव्हाही हलवलं तर ताव फाटतो. मग रिकामी चौकट सरळ वर उचला. तिच्यावरचा पाण्याचा थेंब तावावर पडला तर तिथं कायमचा गोल डाग राहतो.

ताव बिघडला तर जाळी पाण्यावर उलटी टेकवा, लगदा टबात परत जातो. काहीच वाया जात नाही, म्हणून न घाबरता दहा-वीस वेळा करा.

फळीवर ओली घोंगडी, तिच्यावर जुन्या धोतराचं ओलं फडकं. साचा एका कडेनं टेकवत, दाबत, दुसऱ्या कडेनं उचला. ताव फडक्यावर राहतो. वर पुन्हा फडकं, पुन्हा ताव. वीस झाले की दुसरी फळी ठेवून दाब द्या. सुरुवातीला दोघं वर उभे राहिलात तरी चालेल, मग जात्याची तळी ठेवून रात्रभर सोडा.

सकाळी फडक्यासकट ताव गुळगुळीत भिंतीवर किंवा काचेवर चिकटवा, मऊ ब्रशनं हवा काढा, फडकं सोलून घ्या. सावलीतच वाळवा. ऑक्टोबरच्या उन्हात दोन तासांत वाळतो खरा, पण कडा वाकड्या होतात.

खळ आणि घोटणं

असा कोरा ताव शाई पितो, अक्षर फुटतं. लिहायचा कागद हवा असेल तर तांदळाच्या पिठाची पातळ खळ करा, लिटरभर पाण्याला तीस-चाळीस ग्रॅम. कोमट असताना ताव बुडवून काढा आणि पुन्हा वाळवा. खळीत तुरटी घालायचा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका, तुरटीनं कागद आम्लधर्मी होतो आणि काही वर्षांत पिवळा पडून मोडतो. शेवटी अकीकाच्या गुळगुळीत दगडानं किंवा शिंपल्यानं फळीवर घोटा. घोटीव कागदावर बोरूच्या लेखणीनं लिहून बघा. आमच्याकडे पहिला घोटीव ताव झाला तेव्हा आईनं त्यावर फक्त 'श्री' काढला आणि तो देव्हाऱ्यात ठेवला.

एक किलो वाखातून शिजवून-धुऊन साधारण साडेसहाशे ग्रॅम लगदा उरतो. एका जाडसर ए-फोर तावाला आठ ग्रॅम धरले तर ऐंशीच्या आसपास ताव. म्हणजे चांगल्या गुंठ्यात सहा-सातशे. वहीच्या कागदाशी भावात बरोबरी होणार नाही, तिकडे जाऊही नका. लग्नपत्रिका, मानपत्रं, चित्रकारांचे ताव, हातशिवणीच्या डायऱ्या, ही याची जागा. काम वाढवायचं ठरलं तर कुटण्यासाठी बीटर यंत्र लागेल. हातकागद ग्रामोद्योगात मोडतो, त्यामुळे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात कर्जावर अनुदान मागता येतं, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा विशेष गटांना ३५ टक्के. जिल्ह्याच्या खादी ग्रामोद्योग कार्यालयात चौकशी करा, पण आधी दोनशे ताव स्वतःच्या हातानं काढलेले असू द्या.

यंत्र घेण्याआधी एक दिवस कागजीपुऱ्याला जा. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला, दौलताबादचा किल्ला मागे टाकला की हे गाव लागतं. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली तेव्हा कागद करणारे कारागीर इथं आले, असं तिथं सांगतात. नाव सहाशे-सातशे वर्षांचं काम सांगतं. तिथल्या लोकांच्या हाताखाली उभं राहून साच्याचा तो एक हिसका बघा. मी वर चार ओळींत लिहिला, पण तो बघूनच कळतो. जाताना स्वतःचा एक ताव सोबत न्या आणि उजेडात धरून त्यांना दाखवा. कुठं कमी कुटलं, कुठं हात थरथरला, ते एका नजरेत सांगतात.

आणि ती कडेला ठेवलेली आठ-दहा झाडं विसरू नका. डिसेंबरात बोंडं करकरीत वाळली की बी झोडून घ्या, राख लावून गाडग्यात ठेवा. पुढच्या मृगाला पेरायला तेच उपयोगी येईल.